संगणकीय खेळ आणि चौफेर ध्वनी : स्पीकर किती, कशासाठी?

परीक्षांचे निकाल लागले किंवा दिवाळीचा पाडवा जवळ आला की अनेक व्यापारी कुटुंबांत नव्या संगणकाची बोलणी सुरू होतात. दुकानाची बिले, जीएसटीची विवरणे आणि मुलांचा अभ्यास यांसाठी घेतलेल्या संगणकावर काही दिवसांतच खेळही रंगू लागतात. मग पुढची मागणी येते ती चौफेर ध्वनीच्या, म्हणजेच सराउंड साउंडच्या संचाची. पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेला ‘५.१’, किंवा सात स्पीकरांचा ‘७.१’. मुलगा म्हणतो, मागून येणारी चाहूल मागूनच ऐकू आली पाहिजे. वडील विचारतात, दोन स्पीकरांत भागते तेथे सहा कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ध्वनीचे शास्त्र, घरातील खोली आणि खेळाचा प्रकार या तीन गोष्टी आधी पारखून घेतल्या, तर पैसाही वाचतो आणि वादही.

दोन कानांना दिशा कशी कळते?

माणसाला कान दोनच आहेत. तरीही डोळे मिटून बसलेल्याला भांडे कोणत्या बाजूला पडले हे सांगता येते. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात किंचित उशिरा पोहोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. डोक्याची रुंदी पाहता हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतकाच भरतो. मेंदूला तेवढाही पुरतो. शिवाय मध्ये डोके आड येत असल्याने पलीकडच्या कानाला उंच पट्टीतला आवाज मंद ऐकू येतो. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन्ही कारणांची सांगड घातली.

मात्र थेट समोरचा आणि थेट मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी व सारख्याच जोराने पोहोचतो. तेथे कानाच्या बाहेरील भागाच्या वळ्या उपयोगी पडतात. आवाज ज्या दिशेने येतो, त्याप्रमाणे त्या वळ्या त्याचा पोत किंचित बदलतात आणि मेंदू त्या बदलावरून पुढे-मागे, वर-खाली ओळखतो. एवढे करूनही संभ्रम उरला तर माणूस नकळत मान वळवतो.

यावरूनच चौफेर ध्वनी निर्माण करण्याचे दोन मार्ग निघतात. एक, श्रोत्याच्या भोवती खरोखरचे स्पीकर मांडायचे. दुसरा, प्रत्येक दिशेचा आवाज दोन कानांपर्यंत पोहोचताना कसा बदलला असता याचे गणित संगणकाकडून करवून घ्यायचे आणि तो तयार आवाज साध्या हेडफोनमधून कानांत सोडायचा.

चित्रपटगृहातून अभ्यासाच्या मेजावर

पहिला मार्ग चित्रपटगृहात वाढला. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी १९४० मध्ये ‘फँटासाउंड’ नावाची अनेक स्पीकरांची व्यवस्था उभारण्यात आली. पण तिची सामग्री इतकी अवजड व खर्चिक होती की मोजक्याच ठिकाणी ती बसवता आली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून ‘डॉल्बी डिजिटल’ चित्रपटगृहांत आले आणि पुढे ५.१ ही मांडणी घराघरांत पोहोचली.

चित्रपटातील आवाजाची जागा ध्वनिसंयोजक एकदा ठरवतो आणि ती तशीच राहते. खेळात खेळाडू वळला की त्याच्याबरोबर साऱ्या आवाजांच्या दिशा फिरतात. संगणक त्या क्षणोक्षणी नव्याने मोजतो. त्यामुळे चौफेर ध्वनीचा उपयोग चित्रपटापेक्षा खेळात अधिक आहे, हे मुलांचे म्हणणे चूक नाही.

दुसऱ्या मार्गाचा इतिहास व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑरियल’ या अमेरिकन कंपनीने ‘ए३डी’ हे तंत्र बाजारात आणले. दोन स्पीकर किंवा साधा हेडफोन यांतूनही मागचा आणि वरचा आवाज ऐकवण्याचा तो प्रयत्न होता. तिची प्रतिस्पर्धी, सिंगापूरची ‘क्रिएटिव्ह’, हिने तिच्यावर पेटंटचा दावा लावला. ऑरियल दावा जिंकली. पण खटल्याच्या खर्चानेच तिचे दिवाळे निघाले आणि २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. पुढे २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने खेळांच्या आवाजासाठी साउंड कार्ड थेट वापरण्याची जुनी वाट बंद केली आणि महागड्या साउंड कार्डांची गरज ओसरत गेली. आता हे गणित संगणकाचा मुख्य प्रोसेसरच करतो. २०१७ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या खेळात हेडफोनसाठी अशी सोय आली, त्याच वर्षी विंडोज १० मध्ये ‘विंडोज सोनिक’ विनामूल्य मिळू लागले. २०२० च्या ‘प्लेस्टेशन ५’मध्येही याच कामासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे.

खोलीचा हिशेब

स्पीकरांचा संच विकत मिळतो. त्याला लागणारी जागा त्याच्याबरोबर मिळत नाही. ५.१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ऐकणारा मध्यभागी बसतो. एक स्पीकर समोर, दोन त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना प्रत्येकी ३० अंशांवर आणि उरलेले दोन बाजूने किंचित मागे, १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. सर्वांचे अंतर शक्य तितके सारखे असावे.

आता शहरातील दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणावी. मेज भिंतीला टेकलेले, पाठीमागे पलंग, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला दार. मागचे दोन स्पीकर मग एक कपाटावर आणि एक खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. त्यांच्या तारा पायांत येतात. एक स्पीकर कानाजवळ व दुसरा दूर राहिला की दिशेचा सारा हिशेब विसकटतो. अशा मांडणीतले सहा स्पीकर मेजावर नीट ठेवलेल्या दोन चांगल्या स्पीकरांपेक्षाही कमी उपयोगाचे ठरतात. शिवाय नेहमीच्या ५.१ संचात सारे स्पीकर साधारण एकाच पातळीवर असल्याने वरच्या मजल्यावरचा आवाज त्यातून वरून आल्यासारखा वाटत नाही.

जेथे मोठा हॉल आहे आणि बैठक भिंतीपासून पुढे आहे, तेथे मात्र चित्र पालटते. संगणक एचडीएमआय तारेने टीव्हीच्या ध्वनिसंचाला जोडला तर खेळाबरोबर चित्रपट, भक्तिगीते आणि प्रवचनांची ध्वनिचित्रमुद्रणेही त्याच संचावर ऐकता येतात. एका मुलाच्या खोलीत अडकणारा खर्च अशा वेळी साऱ्या कुटुंबाच्या वापरात येतो. घरात सराउंड संच घ्यायचाच असेल तर तो हॉलमध्ये घेणे हेच अधिक पदरात पाडणारे आहे.

हेडफोन : सोय आणि जोखीम

निव्वळ दिशा अचूक कळण्याच्या कसोटीवर, लहान खोलीत, चांगला साधा हेडफोन व खेळातील हेडफोनची सोय ही जोडी स्वस्तातील सराउंड संचाला सहज मागे टाकते. खोलीचा आकार, प्रतिध्वनी, तारा यांचा प्रश्नच उरत नाही. घरात आजोबा सामायिकाला बसले असतील, तर त्यांच्या ४८ मिनिटांत व्यत्ययही येत नाही.

परंतु हेडफोनच्या दोन बाबी पालकांनी विसरू नयेत. पहिली कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो. प्रौढांसाठी ८३ ला २० तास, आणि ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. खेळातील हळू पाऊल ऐकू यावे म्हणून मुले आवाज वाढवतात आणि पुढच्याच क्षणी स्फोटाचा आवाज तितक्याच पटीने कानावर आदळतो. कानाच्या आतील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान हळूहळू होते आणि ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी बाब घराची. स्पीकरचा आवाज घरातल्या सर्वांना ऐकू येतो. मूल काय खेळते, किती वेळ खेळते, कोणाशी कोणत्या भाषेत बोलते, हे स्वयंपाकघरातही कळते. हेडफोन घातला की घर शांत होते, पण मूलही घरापासून तुटते. जेवायला मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही. ही किंमत पावतीवर छापलेली नसते.

स्पीकरची जोखीम याच्या उलट, ती शेजाऱ्यांकडे जाते. सबवूफरचा खर्ज भिंत आणि स्लॅब भेदून जातो. वरच्या मजल्यावर खेळ ऐकू येत नाही, नुसती धडधड जाणवते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण आणि पहाटे उठणे हा नेम आहे, त्यांना रात्री अकराचा खर्ज शेजाऱ्यांच्या आधी स्वतःलाच खुपेल.

कोणत्या खेळासाठी?

येथे जैन कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. आवाजाची दिशा तंतोतंत कळण्याची सर्वांत मोठी निकड कोणत्या खेळात असते? प्रतिस्पर्ध्याच्या पावलांचा माग काढून त्याच्यावर गोळी झाडण्याच्या खेळात. मोटारींच्या शर्यती, विमानचालन, नगररचना, कोडी, बुद्धिबळ यांत वातावरणाचा आनंद असतो. तेथे मिलिसेकंदाच्या अचूकतेवाचून काही अडत नाही.

पडद्यावर कोणीच मरत नाही, मग हिंसा कसली, असे मुले विचारतात. या प्रश्नाला जैन परंपरेत जुने उत्तर आहे. यशोधर राजाने आईच्या आग्रहावरून खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. तरीही मारण्याचा संकल्प झाल्यामुळे दोघांना अनेक जन्मांचे दुःख भोगावे लागले. आचार्य सोमदेवांनी ‘यशस्तिलक’ ग्रंथात आणि पुष्पदंतांनी अपभ्रंश काव्यात ही कथा विस्ताराने मांडली आहे. पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरील आकृती यांत साम्य किती आणि फरक किती, यावर घरातील थोरामोठ्यांनी मुलांबरोबर मोकळेपणाने चर्चा करावी. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’तील अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत ‘दुःश्रुती’, म्हणजे मन कलुषित करणारे श्रवण, हा एक प्रकार सांगितला आहे. कानांवर काय पडते याचा विचार श्रावकाचारात पूर्वीपासून आहे. चर्चेनंतर मुलाने स्वतःहून शर्यतीचा किंवा कोड्यांचा खेळ निवडला, तर स्पीकरांचा प्रश्न अर्धा तेथेच सुटतो.

खरेदी करताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खोक्यावर छापलेल्या ‘पीएमपीओ’च्या हजारो वॅटना भुलू नये, तो आकडा क्षणभराच्या कमाल क्षमतेचा आणि बहुधा फुगवलेला असतो. ‘आरएमएस’ वॅट विचारावेत. ‘७.१’ असे लिहिलेल्या बहुतेक हेडफोनांत सात स्पीकर नसतात. दोनच असतात आणि उरलेले काम सॉफ्टवेअर करते. ते काम विंडोज किंवा खेळ स्वतःच करत असेल, तर त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. खेळातील, विंडोजमधील आणि हेडफोनची अशा दोन-तीन सोयी एकाच वेळी चालू ठेवू नयेत. आवाज घुमतो आणि दिशा पुसट होते. ५.१ संच घेण्यापूर्वी संगणकाच्या मागे त्यासाठीची तीन छिद्रे किंवा एचडीएमआय आहे का, हे तपासावे.

सर्वांत आधी मात्र एक पैसाही न खर्चता प्रयोग करावा. घरात असलेला कोणताही बरा हेडफोन संगणकाला लावावा, विंडोजच्या ध्वनी विभागात विंडोज सोनिक सुरू करावे किंवा खेळातील हेडफोनची सोय निवडावी, आणि पंधरा दिवस खेळून पाहावे. अनेकांची गरज तेथेच भागते. त्यानंतरही स्पीकर हवेसे वाटले तर लहान खोलीसाठी दोन चांगले स्पीकर घ्यावेत. ते कानांच्या उंचीवर, एकमेकांपासून जितके दूर तितकेच ऐकणाऱ्यापासून दूर ठेवावेत. सहा स्पीकरांचा विचार हॉल, वापरणारी माणसे आणि शेजारी या तिन्हींची सोय असेल तेव्हाच करावा.

निर्णय कोणताही होवो, त्याबरोबर आवाजाची पातळी, दिवसाचे तास आणि रात्री बंद करण्याची वेळ ही मुलांशी बोलून त्याच दिवशी ठरवावी. भोगोपभोगाचे परिमाण वस्तू घरात येण्यापूर्वी ठरवणे सोपे असते; ती आल्यानंतर ते ठरवायला बसले की वाद होतात.