घरचं भाजकं पीठ



अवेळी पाहुणा आला की घरची बाई बेसनाचा डबा काढते आणि पिठलं टाकते. माण-खटाव असो की जत-आटपाडी, पिठलं-भाकरी असली की कोणी उपाशी जात नाही. हीच सोय आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातही आहे. जुन्या भूगोलात या देशाला अ‍ॅबिसीनिया म्हणत.

तिथल्या पठारावरही काळी जमीन आहे. पाऊस सरत आला की हरभरा पेरतात आणि मुरलेल्या ओलीवर तो पिकतो. हरभरा, वाटाणा अशी कडधान्यं भाजून, भरडून, टरफलं पाखडून मसाल्यासह दळतात. या पिठाचं नाव 'शिरो'. आपला शिरा गोड, त्यांचा शिरो खारा! मुलाबाळांना सोसेल असं बिनमिरचीचं पीठही करतात. त्यात लसूण, आलं, वेलदोडा वाळवून घालतात. कांद्याच्या फोडणीत मंद शिजवलं की सायीसारखं कालवण होतं. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या, आंबवलेल्या 'इंजेरा'बरोबर ते खातात. बुधवारी व शुक्रवारी तिथल्या सनातनी ख्रिस्ती पंथात उपवास असतो. मांस, दूध, लोणी वर्ज्य. त्या दिवशी शिरोचा मोठा आधार.

आपल्याला मेतकूट आणि भाजणी ठाऊक आहेच. तीच रीत पिठल्याला लावून पाहा. एक किलो हरभरा डाळ मंद आचेवर खमंग भाजा. मूठभर धने, दोन चमचे जिरे, थोडी सुंठ वेगळी भाजून घाला. हळद, हिंग मिसळून दळा. भाजल्यानं कच्चा वास जातो, ओल उडते, पीठ लवकर खराब होत नाही.

एक वाटी पीठ चार वाट्या गार पाण्यात कालवा, फोडणीत ओता आणि ढवळत पंधरा मिनिटं शिजवा. गार पाणीच का? गुरुजनांनी वर्गात दोन पेले घ्यावेत, एकात गार पाणी, दुसऱ्यात कढत. दोन्हींत चमचा-चमचा पीठ टाकावं. कढत पाण्यात पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही. त्याचीच गुठळी बनते.

पोषणाचंही पाहू. शंभर ग्रॅम हरभऱ्यात सुमारे वीस ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत लायसीन हा प्रथिनाचा घटक कमी, हरभऱ्यात तो भरपूर. हरभऱ्यातली मिथिओनिनची उणीव ज्वारी काही अंशी भरून काढते. म्हणून पिठलं आणि भाकरी ही जोडी खरी.

आता सावधगिरीची गोष्ट. लाखेची डाळ दिसायला हरभरा डाळीसारखी, आणि दळल्यावर तर डोळ्यांना फरक कळतच नाही. महिनोन् महिने लाख हेच मुख्य अन्न झालं, तर कमरेखालचे पाय लुळे पडतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. दुष्काळात गरिबांवर हा घाला आपल्या देशात पडला, तसाच इथिओपियातही. तिथे तर लाखेचाही शिरो करतात. भाजल्यानं हे विष पुरतं जात नाही. म्हणून सुटं पीठ घेण्यापेक्षा अख्खा हरभरा घ्या. लाखेचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोनाडा, हरभऱ्याला चोच. निवडताना ओळखू येतो. मग घरीच भरडा आणि गिरणीत आपल्यासमोर दळून आणा.

शेतात हरभरा आपला, मग डब्यातलं पीठही आपलंच असू द्या.