अपेंडिक्सचा कर्करोग : मोठ्या आतड्याचा धाकटा भाऊ नव्हे

अपेंडिक्सचा कर्करोग बहुतेक वेळा कुणी शोधत नसतानाच सापडतो. पोटात उजवीकडे खाली दुखू लागते, सोनोग्राफीत सूज दिसते, सर्जन अपेंडिक्स काढतो, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. मग पॅथॉलॉजीचा अहवाल येतो आणि कळते, की ती नुसती सूज नव्हती. काढलेल्या शंभर अपेंडिक्समध्ये साधारण एकात गाठ निघते. त्यामुळे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेलाच पाहिजे. तपासणीचे पैसे वाचवायला तो टाकून देणे ही बचत नव्हे.

हा रोग इतका विरळ, की अमेरिकेत वर्षाला लाखामागे एक-दोन जणांनाच होतो. एवढ्या थोड्या रुग्णांवर औषधांच्या मोठ्या चाचण्या करणे अवघड. म्हणून डॉक्टरांनी शेजारची वाट धरली. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच लोंबते, तेव्हा आतड्याच्या कर्करोगाची औषधे इथेही चालावीत, हा तर्क वरवर बिनतोड होता. गाठींतली जनुके वाचली जाऊ लागली आणि त्यातला कच्चा दुवा दिसला.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बहुसंख्य गाठींमध्ये एपीसी हे जनुक बिघडलेले असते. रोगाची पहिली पायरी बहुधा तीच. अपेंडिक्सच्या श्लेष्मल, म्हणजे चिकट स्राव सोडणाऱ्या, गाठींमध्ये हा बिघाड क्वचितच आढळतो. तिथे दिसतात केरास आणि जीएनएएस या जनुकांतली उत्परिवर्तने. जीएनएएस आतड्याच्या कर्करोगात अगदी विरळ, इथे मात्र नेहमीचे. ते ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते पेशीतले एक बटण आहे : संदेश आला की चालू, काम झाले की बंद. उत्परिवर्तनानंतर बटण चालूच राहते आणि पेशी स्राव ओततच राहते. पेशींची वाढ मंद, पण स्राव अफाट. टीपी५३ हे जनुकही बिघडलेले असेल, तर गाठ सहसा अधिक आक्रमक असते. (अपेंडिक्समध्ये न्यूरोएन्डोक्राइन गाठीही होतात. त्यांतल्या एक सेंटिमीटरहून लहान गाठींना अपेंडिक्स काढणे बहुधा पुरते. तो वेगळाच विषय.)

स्रावाने फुगलेले अपेंडिक्स फुटले, की तो पेशींसह उदरपोकळीत सांडतो आणि महिनोन् महिने साचत पोट जेलीने भरते. १८८४ मध्ये वर्थ या जर्मन डॉक्टरने या अवस्थेला ‘स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय’ हे नाव दिले, तेव्हा दोष अंडाशयाकडे होता. पुढे शंभरेक वर्षे कित्येक स्त्रियांचे निदान अंडाशयाचा रोग म्हणूनच होत राहिले. १९९० च्या दशकात दोन्हीकडच्या गाठींची पेशी आणि जनुकांच्या पातळीवर तुलना झाली आणि उगम बहुतेकदा अपेंडिक्समध्येच असल्याचे स्पष्ट झाले. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांचा जानेवारी १९९३ मध्ये मृत्यू झाला, तो याच रोगाने.

ही जेली रक्तवाहिन्यांतून फारशी पसरत नाही. पोटातल्या द्रवाबरोबर फिरते आणि द्रव जिथे शोषला जातो तिथे बसते. सतत हलणारे लहान आतडे त्यामुळे बरेचदा वाचते. वॉशिंग्टनचे सर्जन पॉल शुगरबेकर यांनी नेमका याचाच फायदा घेतला. दिसेल ती गाठ आणि रोगग्रस्त उदरावरण सोलून काढायचे, मग ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवलेले औषध, बहुधा मायटोमायसिन, तासभर किंवा थोडे अधिक पोटात खेळवायचे. याला हायपेक म्हणतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते. ती आठ-दहा तास चालू शकते, म्हणून अनुभवी केंद्रातच व्हावी. २०१२ मध्ये १६ संस्थांतील २,२९८ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. दहा वर्षे जगलेले ६३ टक्के होते. अर्थात हे शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रुग्ण होते, हे विसरू नये. माझ्या मते, यशात मोठा वाटा गरम औषधापेक्षा चिकाटीने केलेल्या सफाईचा असावा.

ज्यांची शस्त्रक्रिया शक्य नाही, त्यांना शिरेतून आतड्याच्या कर्करोगाची केमोथेरपी दिली जाई. २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने मंद वाढीच्या श्लेष्मल प्रकारावर तिची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण फक्त २४. पण प्रत्येकाने काही महिने औषध घेतले आणि काही महिने नुसती देखरेख. औषधाने गाठींची वाढ रोखलेली दिसली नाही. त्रास मात्र झालाच. आक्रमक प्रकारात केमोथेरपीला अजूनही जागा आहे, म्हणून अहवालातला ‘ग्रेड’ हा शब्द रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारून घ्यावा. केरासवरची पहिली औषधे जी१२सी या एकाच बदलावर चालतात. अपेंडिक्समध्ये जी१२डी जास्त दिसतो, त्यामुळे इथे त्यांचा उपयोग थोड्यांनाच होतो.

हे सारे बदल गाठीत घडतात, मुलांकडे जात नाहीत. तरी जन्मजात दोषांचा प्रश्न उरतोच. जनुक-तपासणीसाठी आलेल्या १३१ अमेरिकी रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १५ जणांमध्ये कर्करोगाकडे झुकवणारा आनुवंशिक बदल होता. तपासणीला आलेल्यांचाच हा आकडा, म्हणून तो सर्वांना लावता येणार नाही. पण अशा रुग्णाला समुपदेशकाकडे पाठवायला तो पुरेसा आहे. बदल सापडलाच, तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी वेळेत करता येते.