चिक्कीच्या पाकिटामागचा नंबर : मावळात खाद्यव्यवसाय सुरू करताना कुठला कागद कशासाठी?

कामशेतच्या एक ताई मागच्या पावसाळ्यात प्लास्टिकची फाईल घेऊन भेटायला आल्या. फाईलमध्ये तीन कागद होते : उद्यमचं प्रमाणपत्र, गुमास्त्याची पावती आणि पॅनकार्डची झेरॉक्स. एका एजंटनं "फुल लायसन पॅकेज" म्हणून त्यांच्याकडून सहा हजार रुपये घेतले होते. ताई म्हणाल्या, "सर, माझं सगळं लायसन झालंय, तरी हायवेवरचा दुकानदार माल ठेवून घेत नाही."

दुकानदारानं काय केलं, तर पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, मागे बघितलं आणि परत दिलं. एवढंच. वीस किलो शेंगदाणा चिक्की घरी परत आली, आणि आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांत चिक्की मऊ पडली.

पाकिटामागे चौदा आकडी एफएसएसएआय नंबर नव्हता. तीन कागदांपैकी एकही कागद खाण्याच्या वस्तूबद्दलचा नव्हता, आणि हे एजंटनं सांगितलं नाही, ताईंनीही विचारलं नाही. फॉर्म कसा भरायचा ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, ते इथे परत लिहीत नाही. इथे फक्त एकच गोष्ट : सरकारचा प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नाला तो कागद दाखवला तर समोरचा माणूस पाकीट परतच देणार.

आधी उद्यम, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहे. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. आधार आणि पॅनवर, स्वतःच्या घोषणेवर, घरबसल्या होते आणि तिची फी शून्य रुपये आहे. शून्य! नाव आणि रंग सारखे ठेवून पैसे मागणाऱ्या खाजगी वेबसाइट भरपूर आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का तेवढं बघा. उद्यम काय सांगतं? तुम्ही सूक्ष्म, लघु की मध्यम उद्योग आहात, एवढंच. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म. बँकेत, सरकारी योजनेत आणि थकलेल्या बिलासाठी दाद मागताना ते उपयोगी पडतं. पण तो परवाना नाही. उद्यमच्या जोरावर चिक्की विकता येत नाही.

गुमास्त्याचंही तसंच. १९४८ चा जुना कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना कायदा आला, तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी नाही, व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती ठेवायची. तोंडात मात्र अजून "गुमास्ता लायसन" हाच शब्द आहे. हा कागद कामगार, कामाचे तास आणि सुट्ट्या यांच्याबद्दलचा. आणि दुकान छोटं असलं तरी पाटी मराठीत, देवनागरीत लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही ते लागू झालं, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. पाटी रंगवायला देण्याआधी हे लक्षात ठेवा, नंतर दुसऱ्यांदा पैसे जातात.

आता मुख्य मुद्दा, खाण्याचा.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्याचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू. या नियमांनी छोट्या माणसासाठी 'नोंदणी' आणि मोठ्यासाठी 'परवाना' अशी रेषा आखली. २०११ च्या त्या नियमांत वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये. त्याच्या वर राज्याचा परवाना. उलाढाल म्हणजे नफा नव्हे बरं का! महिन्याला लाखाची विक्री झाली की वर्षाचे १२ लाख झाले, मग तुमच्या हातात त्यातले पंधरा हजार उरोत नाहीतर पाच. या रेषा आणि फी सरकार सरकवत असतं, म्हणून ज्या दिवशी अर्ज भराल त्या दिवशीचा आकडा फॉस्कॉस पोर्टलवर बघूनच ठरवा. माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

घरचं स्वयंपाकघर चालतं. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि काय बनवणार त्याचा तपशील, यावर काम होतं. अर्ज गेल्यावर अधिकाऱ्यानं सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण सांगून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची, असं नियमच सांगतो. त्यामुळे "साहेब रजेवर आहेत, थोडं द्यावं लागेल" असं कुणी म्हणालं तर अर्जाचा क्रमांक घेऊन स्वतः पोर्टलवर बघा.

नंबर आला की त्याचा पहिला आकडा बघा. १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. म्हणजे आपल्याकडच्या छोट्या उद्योजकाचा नंबर २१५ नं सुरू होतो. कच्चा माल घेताना समोरच्याचा नंबरही असाच वाचायला शिका. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावरही छापावा लागतो.

मात्र नंबर आला म्हणजे सुटलो, असं नाही. लोणावळ्याचीच गोष्ट घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये अन्न व औषध प्रशासनानं लोणावळ्यातल्या एका अतिशय नावाजलेल्या चिक्की उत्पादकाला उत्पादन आणि विक्री थांबवायला सांगितलं. बातमी देशभर गाजली. मुद्दा मालात विष सापडल्याचा नव्हता. अन्न सुरक्षा कायद्यानुसार ज्या तपासण्या करून ठेवायला हव्यात, त्यांची पूर्तता नाही, हा होता. पिढ्यान् पिढ्यांचं नाव, बाहेर गिऱ्हाइकांची रांग, आणि थांबायला लागलं ते कागदपत्रांसाठी. पुढे त्यांचा धंदा परत सुरू झाला, आजही जोरात आहे. पण असा बंद मोठा माणूस सोसतो. तुमच्या-माझ्यासारख्याचं ऐन सीझनमधलं भांडवल तेवढ्यात संपतं.

परवानाधारक उत्पादकाला मालाची तपासणी दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून अहवाल ठेवावा लागतो, ही परवान्याचीच अट आहे. शेंगदाण्याच्या बाबतीत ती नुसती औपचारिकता नाही. ओल लागलेल्या दाण्यावर बुरशी येते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजूनही पूर्ण जात नाही आणि चवीला कळत नाही. मावळातल्या पावसात पोतं भिंतीला टेकवून ठेवणाऱ्यानं हे दोनदा वाचावं. नोंदणीवाल्या छोट्या उद्योजकाला स्वच्छतेचे नियम आहेतच. मी तर म्हणतो, तुम्ही नोंदणीच्या टप्प्यात असाल तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. मोठा दुकानदार किंवा रिसॉर्टवाला अहवाल मागतोच.

पाकिटाचं सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथं होतात. पदार्थाचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच, बनवल्याची आणि वापराची तारीख, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा लोगो आणि नंबर. चिक्कीत शेंगदाणा असो की काजू, ज्यानं ऍलर्जी होते त्याचा वेगळा उल्लेख हवा. आणि ज्याचा पत्ताच कुणाला नसतो ते वैधमापन शास्त्र खातं : वजन करून बंद पाकिटात विकणार असाल तर सुरू केल्यापासून ९० दिवसांत तिथे पॅकर म्हणून नाव नोंदवायचं, आणि वजनकाट्यावर त्यांचा चालू शिक्का हवा.

जीएसटी थोडक्यात. फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, सेवा असेल तर २० लाख. दुसऱ्या राज्यात माल पाठवायला लागलात की हिशोब बदलतो, तेव्हा सीएला गाठा. व्यवसाय कर मात्र वेगळा, त्याची चौकशी त्याच बैठकीत करून घ्या.

नावाबद्दल मला जास्त बोलायचंय. लोणावळ्याच्या बाजारात एक चक्कर मारा आणि फक्त पाट्या वाचा. एकच प्रसिद्ध नाव, पुढे-मागे एखादा शब्द जोडून, किती दुकानांवर दिसतं? गिऱ्हाईक गोंधळतं. उद्यमवर, गुमास्त्यावर किंवा एफएसएसएआयवर तुमच्या दुकानाचं नाव आलं म्हणून ते नाव तुमचं होत नाही. तेच नाव उद्या शेजारचाही त्याच पोर्टलवर टाकू शकतो. नावाचा कागद वेगळा : ट्रेडमार्क. चिक्की येते ३० व्या वर्गात, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंद झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. आधी सरकारी साइटवर फुकट शोध घ्या, तेच नाव कुणाचं आहे का. आणि "लोणावळा चिक्की" एवढंच नाव घेऊन जाऊ नका. ते गावाचं आणि पदार्थाचं वर्णन आहे, एकट्याच्या मालकीचं होत नाही.

शेवटचा प्रश्न जागेचा, आणि तो कुठलंच पोर्टल नीट विचारत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनानं धरण परिसरातल्या अनधिकृत टपऱ्या हटवल्या. टपरीवाल्यांचा त्या दुर्घटनेत काय दोष होता? काहीच नाही. पण जागा त्यांची नव्हती, जागेचा कागद नव्हता, म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. खाण्याच्या नोंदणीनं जागा मिळत नाही. स्वतःची जागा असेल तर मिळकत कराची पावती, भाड्याची असेल तर करारनामा, गावात असाल तर ग्रामपंचायतीकडे, लोणावळा-तळेगावात नगरपरिषदेकडे आणि वडगावात नगरपंचायतीकडे आधी जाऊन विचारा. हातगाडी असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र मागा. रेल्वे, पाटबंधारे किंवा वनखात्याच्या जागेवर सीझनपुरतं बसणार असाल तर त्यात उसनं भांडवल घालू नका.

कामशेतच्या ताईंचं पुढे काय झालं? नोंदणी त्यांनी मुलाच्या मोबाईलवरून स्वतः केली. तोपर्यंत एजंटच्या सांगण्यावरून दोन हजार स्टिकर छापून बसलेल्या, त्यावर नंबर नाही, वापरायची तारीख लिहायला जागाही नाही. ते रद्दीत गेले. दुसऱ्या वेळी पाचशेच छापले. दुकानदारानं पाकीट परत उलटं केलं, मागे वाचलं आणि विचारलं, "पाव किलोची आहे का?"