नाणे, टोकन आणि पदक (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात नाण्यांच्या धातूंविषयी विवेचन केले. परंतु धातू ओळखला म्हणजे वस्तू ओळखली असे नव्हे, हे ढोकी-तेरकडील एखाद्या जुन्या घराची पेटी उघडली की ध्यानात येते. निजामाचा हाली रुपया, हमालाचा पितळी बिल्ला, देव्हाऱ्यातील चांदीचा टाक, पूर्वजाला मिळालेले पदक आणि माळेतून निखळलेली पुतळी एकाच पुरचुंडीत नांदत असतात, आणि नवखा संग्राहक त्या सर्वांस सरसकट ‘जुनी नाणी’ म्हणून मोकळा होतो.

यांपैकी नाणे तेवढे हाली रुपया. राज्यसत्तेने स्वतःच्या अधिकाराने ते पाडले, त्याचे मोल ठरविले आणि सरकारी खजिन्यात सारा म्हणून ते परत स्वीकारले. सात हालीस सुमारे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा त्याचा भाव असे. त्यावरील चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर तो रुपया मीर महबूब अली खानांच्या कारकिर्दीतला, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खानांच्या. १९४८ साली निजामाचा अंमल संपला तरी हाली लगेच गेला नाही. तो १९५९ साली चलनातून बाद झाला. आज त्याने मीठही मिळणार नाही, तथापि संग्राहकाच्या लेखी तो नाणेच राहतो.

टोकनामागे राज्य नसते. ज्याने ते दिले त्याच्या आवाराबाहेर त्यास कोणी विचारीत नाही. आसामातील चहामळ्यांच्या मालकांनी मजुरीपोटी दिलेली धातूची टोकने मळ्याच्या हद्दीत पैशासारखी चालत. साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाडीस मिळणारे टोकन मात्र मोल नव्हे, केवळ पाळी दर्शविते. दोहोंस एकाच खणात ठेवणारे संग्राहक आहेत. मला ते रुचत नाही.

खरी पंचाईत मुहम्मद तुघलकाने करून ठेविली आहे. इ. स. १३३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेचे टंके पाडून ते चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावेत असा हुकूम काढला, आणि त्यांतील काही आपल्याच मराठवाड्यातील दौलताबादेच्या टांकसाळीत पडले. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा आशयाचा मजकूर त्यांवर कोरावा लागला, यातच धातूविषयी लोकांस वाटणारा अविश्वास दिसतो. घरोघर नकली टंके पडू लागले आणि अखेरीस खजिन्यातील चांदी देऊन ते परत घ्यावे लागले. अर्थशास्त्रज्ञ त्यास सांकेतिक चलन म्हणतात. पण राजाज्ञा त्याच्यामागे होती, म्हणून त्याची गणना नाण्यांतच करावी. आपल्या खिशातील रुपयाही धातूच्या किमतीने चालत नाही.

पदकाने काहीच विकत घेता येत नाही. ते सन्मान करते किंवा स्मरण देते. परमवीरचक्राची आकृती सावित्री खानोलकर यांनी रेखाटली, हे मराठी वाचकास ठाऊक असेलच. ते कांस्याचे आहे, आणि धातूच्या भावाने त्याचे मोल काढणाऱ्यास काय म्हणावे?

मात्र तेरच्या उत्खननांत सापडलेल्या मातीच्या चकत्या या तिन्ही खणांत बसत नाहीत. त्यांवर रोमन सम्राटाच्या नाण्याचा ठसा आहे आणि टांगण्यासाठी योजना आहे. ज्या नगराचा ‘तगर’ म्हणून ग्रीक ग्रंथांत उल्लेख आहे तेथील कोणी हौशी माणूस परदेशी नाण्याची मृण्मय प्रतिकृती गळ्यात घालून मिरवीत असावा. पुतळीची कुळकथा तशीच आहे. व्हेनिसच्या डुकाटावरून ती घेतली आणि पुढे सोनारांनी तिला केवळ दागिना केले. अशा वस्तूंस ‘नाणेसदृश अलंकार’ म्हणून वेगळा खण द्यावा, असे माझे मत आहे.

राहिले रामदरबाराचे चित्र असलेले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून लाखो रुपयांना विकू पाहिले जाणारे तुकडे. कंपनीने असे नाणे कधीच पाडलेले नाही. जुनी नाणी विकत घेण्याच्या जाहिरातींत आपले नाव फसवणुकीसाठी वापरले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला होता. मंदिरांतून मिळणारा खरा रामटंका ही वस्तू वेगळी; तिचा विचार पुढील लेखांकात करू.