‘कास्टिंग आहे, वेल्डिंग धरणार नाही’

घाटात दगड लागून ऑइल चेंबरला चीर जाते, पाणी संपलेल्या गाडीचं हेड तडकतं, क्रँककेसचा बोल्टाचा कान तुटतो. गॅरेजमध्ये निकाल मात्र ठरलेला असतो : ‘‘कास्टिंग आहे साहेब, वेल्डिंग धरणार नाही. नवीनच टाका.’’ सांगणाऱ्याच्या आवाजात इतकी खात्री असते की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही आणि सहज दुरुस्त झाला असता असा भाग भंगारात जातो. वर्षानुवर्षं हेच ऐकून आता वीट आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शंका असेल त्यांनी आधी विमानांकडे पाहावं. अमेरिकेतल्या नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या ‘एफएए’ने पिस्टन इंजिनांच्या ॲल्युमिनियम क्रँककेस आणि सिलिंडरच्या वेल्डिंग-दुरुस्तीवर स्वतंत्र सल्लापत्रक काढलेलं आहे. जी दुरुस्ती आकाशात चालणाऱ्या इंजिनासाठी नियमांच्या चौकटीत बसते, ती मोटारीच्या चेंबरला अशक्य कशी?

या समजाचं मूळ बहुधा बिडात आहे. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो. वेल्डिंगनंतर ते झपाट्याने थंड झालं की जोडालगतचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि तडकतो. बिडाचा हा अनुभव लोकांनी जसाच्या तसा ॲल्युमिनियमला लावला. ॲल्युमिनियमच्या ओतकामात असा कडक होणारा कार्बन नसतोच. त्यात असतं सिलिकॉन. हेडसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए-३५६ या मिश्रधातूत ते सुमारे ७ टक्के असतं. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू पातळ वाहतो आणि गोठताना पडणाऱ्या भेगा भरून काढतो. त्यामुळे असं ओतकाम वेल्डिंगला चांगलंच सोयीचं असतं. उलट २०२४ किंवा ७०७५ ही विमानांत वापरली जाणारी पत्र्याची ॲल्युमिनियमं आर्क वेल्डिंगला कुप्रसिद्ध आहेत. ‘पत्रा जोडता येतो, कास्टिंग नाही’ हा नियम इथे पार उलटा पडतो.

मग गल्लीतल्या दुकानात केलेला जोड आठवड्यात का सुटतो? दोष बहुतेक वेळा तयारीत असतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही पुढे. हा थर मोडण्यासाठी टिग मशीनला एसी लागतो : प्रवाहाच्या एका अर्ध्या फेरीत ऑक्साइड उखडला जातो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत उष्णता धातूत उतरते. स्वस्त टिग मशीन पुष्कळदा फक्त डीसी असतात. साध्या आर्गनवर त्यांनी ॲल्युमिनियम जोडायला गेलं, तर थर तसाच राहतो, धातू आतून वितळतो आणि गोळे होतात. मग दोष कास्टिंगच्या माथी!

दुसरा शत्रू तेल. वर्षानुवर्षं इंजिनात राहिलेल्या भागाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. तेल आणि ओलावा यांतून हायड्रोजन सुटतो. वितळलेलं ॲल्युमिनियम घट्ट ॲल्युमिनियमच्या सुमारे वीसपट हायड्रोजन धरून ठेवतं. गोठताना तो बाहेर पडतो आणि जोड जाळीदार होतो. म्हणून आधी धुणं, मग कार्बाइडच्या बरने चीर पूर्ण उघडून व्ही-खाच करणं, चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडणं, थोडं तापवून वर आलेलं तेल पुसणं आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासणं, एवढं करावंच लागतं. प्रत्यक्ष वेल्डिंगला लागतो त्याहून जास्त वेळ यात जातो. तो वेळ द्यायची तयारी नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. धातूला बदनाम करू नये.

गैरसमजात सत्याचा अंशही आहे. स्कूटरची केसिंग वगैरे भाग प्रेशर डाय-कास्टिंगचे असतात. त्यात जोराने भरलेल्या धातूबरोबर हवा आत कोंडली जाते आणि पुन्हा वितळवताच बुडबुड्यांनी बाहेर येते. असे भाग जोडता येतात, पण तेल न गळण्याची हमी कोणी देऊ नये. हेड मात्र बहुतेक वेळा साच्यात सावकाश ओतलेलं असतं, ते उत्तम जोडलं जातं. तरीही टी-६ उष्मोपचार केलेलं हेड जोडालगत मऊ पडतं, ते वाकूही शकतं. म्हणून नंतर प्रेशर टेस्ट आणि फेसिंग हवंच.

बाकीचे समज थोडक्यात. ‘कोणतीही ॲल्युमिनियमची रॉड चालते’ : नाही, सिलिकॉनवाली ४०४३ किंवा ४०४७ घ्यावी, मॅग्नेशियमवाली ५३५६ सतत ६५ अंशांवर तापणाऱ्या भागाला योग्य नाही. ‘जितकं तापवाल तितकं चांगलं’ : दीडशे अंशांच्या आसपास पुरे, दोनशेच्या वर बराच वेळ ठेवलं तर उष्मोपचाराचं बळ जातं. ‘लाल झालं की थांबू’ : ॲल्युमिनियम लाल दिसण्याआधीच कोसळतं. ‘मिगच्या सिलिंडरचा गॅस चालेल’ : लोखंडासाठीच्या त्या मिश्रणात कार्बन डायऑक्साइड असतो, इथे शुद्ध आर्गनच लागतो. ‘इपॉक्सी लावली की झालं’ : तेलकट, तापणाऱ्या भागावर ती तात्पुरतीच.

दोन समज जिवावर बेतणारे आहेत. ‘ब्रेक क्लीनर मारून लगेच आर्क पेटवला तरी चालतो’ : त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल, तर आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हाच वायू. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि बाटली दूर ठेवा. ‘हलकं, चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियमच’ : जुन्या फोक्सवॅगन बीटलची क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूची होती. खरवडलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. भराभर फेस आला तर ते मॅग्नेशियम. त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आग भडकते.

पुढच्या वेळी ‘धरणार नाही’ असं ऐकलंत, तर मशीन एसी आहे का, रॉड कुठली आणि नंतर प्रेशर टेस्ट करणार का, एवढं विचारा. उत्तरं मिळाली नाहीत तर भाग उचला आणि दुसऱ्या दुकानात न्या.