मालगुजारी म्हणजे काय?

नागपूरकडे ‘आमचे आजोबा मालगुजार होते’ असे अजून ऐकू येते. ‘माल’ म्हणजे सरकारी महसूल आणि ‘गुजार’ म्हणजे तो भरणारा. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील रयतेकडून सारा गोळा करून सरकारात भरी, पण तो जमिनीचा मालक नसे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी अशा वसूलदारांनाच गावची मालकी दिली. ठरलेला सारा भरायचा आणि उरेल ते ठेवायचे, असा व्यवहार. शेजारच्या वऱ्हाडात मात्र रयतवारी होती, म्हणजे शेतकरी स्वतःच सरकारला सारा देई.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांकडचे गावांतले तलावही सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाला आजही त्यांचे पाणी मिळते. गाळ काढून ते राखणे, हे आता सरकारइतकेच गावाचेही काम आहे.