वंचित विद्यार्थी आणि उच्च शिक्षणातील प्रवेश : महाड परिसराच्या संदर्भात

उच्च शिक्षणातील प्रवेशाचा विचार बहुधा राखीव जागा, शुल्कमाफी व शिष्यवृत्ती यांपाशी थांबतो. या तरतुदींचे मोल निर्विवाद आहे. तथापि नियमाने दार उघडले तरी विद्यार्थी आत पोहोचतोच असे नाही, हे महाडच्या इतिहासावरून ध्यानात येते. सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. तरीही चवदार तळ्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्या परिषदेचे प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे यांना, शिष्यवृत्ती मिळूनही, महाडच्या इंग्रजी शाळेने प्रथम प्रवेश नाकारला होता.

डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरू लागले. येथे संस्थेने स्वतःचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या दिनक्रमाशी जुळवून घेतले, हा मुद्दा महत्त्वाचा. १९६१ मध्ये याच संस्थेने महाडला महाविद्यालय काढले.

सकाळचे वर्ग आता अनेक ठिकाणी रूढ आहेत. मात्र मुंबईच्या कारकुनाला सोयीची वेळ पोलादपूरच्या डोंगरवाडीतील मुलीला सोयीची असेलच असे नाही. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, तरी वाडीवरून निघणाऱ्या विद्यार्थिनीचा भरवसा पहिल्या एसटीवरच असतो. ती चुकली की पहिले व्याख्यान बुडते, आणि ७५ टक्के उपस्थितीचा हिशेब तिच्या विरोधात जाऊ लागतो.

कातकरी विद्यार्थ्यांची अडचण याहून बिकट आहे. पावसाळ्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण स्थलांतराच्या काळात येते. वसतिगृहाची जागा पहिल्या सत्रातच मिळाली नाही, तर मुलगाही भट्टीवर जातो.

त्यातच व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा निर्णायक ठरतो आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत शोधला जातो. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात येत आहे, त्या घराकडे पणजोबांचा शाळेचा दाखला मागणे, यातील विसंगती वेगळी सांगावयास नको. वडिलांकडील रक्तनात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास मार्ग सुकर होतो. परंतु वाडीतील पहिल्या अर्जदाराला तो आधार नसतो.

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच अशा विद्यार्थ्यांची यादी करून महसुली नोंदी, जन्ममृत्यूच्या नोंदी व नातेवाइकांची प्रमाणपत्रे शोधण्याचे काम महाविद्यालयातील एका प्राध्यापकाकडे सोपविता येईल. यासाठी नव्या शासननिर्णयाची आवश्यकता नाही. पहिल्या तासाची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी ताडून ठरविणे, हेही प्राचार्यांच्या अधिकारातच आहे.